टावियाचं सोंग

माशातला काटा काढून द्यायला एकावनं हात पुढे केला आणि एकुआनं आपल्या ताटावर दोन्ही पंजे पालथे घातले. झालं ते एवढंच. दुपारची वेळ होती, खाली टॉटनहॅमच्या रस्त्यावर बसचं दार फुस्स करून उघडलं होतं, आणि एकाव एसेल हवेत तसाच हात धरून बसून राहिला. लग्न झाल्यापासून या बाईच्या ताटातला काटा तोच काढत आला होता. ती बोलण्याच्या भरात काटा गिळायची आणि मग घरभर ठसकत फिरायची, म्हणून. गेल्या दोन वर्षांत तिचं बोलणं आटलं होतं, तरी काटे काढायचं काम चालूच होतं. "हे तिचं आहे," एकुआ म्हणाली. "कुणाचं ग?" "कुणाचं ते तुला चांगलं ठाऊक आहे. माझ्याकडे असे डोळे वटारू नकोस, टाविया. मी तुला भीत नाही." एकावला आधी हसूच आलं. मग ते हसू तिथंच थांबलं, कारण ती त्याच्याकडे बघत होती. घरात, दोन वर्षांत पहिल्यांदा. तिची नजर एरवी त्याच्यावरून ओल्या फरशीवरून पाय सरकावा तशी सरकून जायची, मागच्या भिंतीवर, पडद्यावर, कशावरही जाऊन टेकायची. कधी तो तिला तिचा मेलेला भाऊ वाटायचा, कधी चर्चमधला पाद्री, एकदा तर गॅसची गळती बघायला आलेला माणूस. तिनं त्याला खुर्ची दिली होती आणि म्हणाली होती, बसा, माझे मालक येतीलच इतक्यात. आज मात्र तिची नजर थेट त्याच्या डोळ्यांत रुतली होती आणि तिनं नाव घेतलं होतं. नाव त्याचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाचं होतं असंही म्हणता येईना. टाविया म्हणजे नाटकातली सावत्र आई, पोरक्या पोरीला उपाशी ठेवणारी, आणि ती टाविया त्यांच्या मायदेशाच्या अख्ख्या किनाऱ्यावर एकावइतकी कुणी रंगवली नव्हती.

हे सगळं त्या येबोआच्या नाटकानं झालं, असं एकाव पुढं स्वतःला सांगत राहिला. तसं सांगण्यात सोय होती. येबोआ लंडनमध्येच जन्मलेला, नाटकाच्या शाळेत शिकलेला, केसांच्या बारीक वेण्या घातलेला चुणचुणीत माणूस. आजोबांच्या काळचा खेळ आपल्या लोकांसाठी पुन्हा उभा करायचा असं त्यानं मनावर घेतलं होतं, आणि जुन्या फिरत्या नाटक कंपनीतला जिवंत आणि चालता-बोलता असा एकावच त्याला सापडला. "अंकल, तुम्ही म्हणजे आमचा खजिना आहात," असं तो भेटेल त्याच्यासमोर म्हणायचा आणि मग त्या खजिन्याला खुर्चीवर बसवून आपलंच खरं करायचा. जुन्या खेळात पोरकी पोर भुकेनं रडायला लागली की प्रेक्षकांतल्या बायका उठून सरळ रंगमंचावर यायच्या आणि तिला खायला घालायच्या. कुणी त्यांना सांगत नसे, कुणी अडवत नसे. अंडी यायची, भाजलेली केळी यायची, कुणी आपल्या लेकरासाठी आणलेला घास लेकराच्या हातातून काढून आणायचं. येबोआनं हे पुस्तकात वाचलं होतं. त्यानं प्लास्टिकची केळी मागवली. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हातात ती आधीच द्यायची आणि निळा दिवा लागला की त्यांनी वर यायचं, असं ठरलं. तालमीत हे ऐकून एकाव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. "अरे बाबा, लोकांच्या पोटात तुटलं तर येतील. नाही तुटलं तर तुझ्या दिव्यानं तुटणार आहे का?" "अंकल, इथं स्टेजवर कुणी घसरून पडलं तर थिएटरवाले माझी मान धरतील. आणि बाहेरचं अन्न आत चालतच नाही." "मग पोरीला उपाशी मरू दे." "तेच तर नाटक आहे ना, अंकल," येबोआ म्हणाला, आणि सगळे हसले.

पण एकाव त्या नाटकात उभा राहिला तो काही आजोबांच्या काळासाठी नव्हे, आणि आपल्या लोकांसाठी तर मुळीच नव्हे. आपले लोक म्हणजे कोण, हे त्याला या शहरात कधी नीटसं कळलंच नव्हतं. रविवारी झळझळीत कपडे घालून येणारे, लग्नाला, बारशाला, मयताला तेच हॉल भाड्यानं घेणारे आणि मधल्या दिवसांत एकमेकांना बसमध्ये ओळख न दाखवणारे. त्याच्या पोटात वेगळंच होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीला, अराबालाही नाही. त्याला वाटत होतं, एकुआला पहिल्या रांगेत बसवावं. आपण हिरवं लुगडं-चोळी ल्यावं, डोक्याला बायका बांधतात तो डुकूचा रुमाल बांधावा, तोंडाला पावडर फासावी, आणि गिटार सुरू झाली की कमरेत झोका देऊन विंगेतून बाहेर यावं. ती बघेल. तिच्या डोक्यात कुठंतरी दिवा लागेल आणि ती शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणेल, अग बाई, हा तर माझा माणूस. एवढं झालं असतं तर पुढं काही नाही झालं तरी चाललं असतं. म्हातारपणी माणूस असल्या चिमूटभर गोष्टींवर जीव टाकून बसतो, आणि एकावनं तो पुरता टाकला होता.

प्रयोग दुपारचा होता. हॉल भरला होता. क्रिस्टाबेल नावाची गुबगुबीत गालांची मुलगी पोरकी पोर झाली होती. तिची फांते भाषा पाठ केलेली होती, एकेक शब्द दगडावरून उडी मारल्यासारखा यायचा, पण रडायची मात्र खरं. निळा दिवा लागला. प्लास्टिकच्या केळ्यांवाले खिदळत वर आले, केळी तिच्यापुढं ठेवली, तिच्याबरोबर फोटो काढले आणि हात हलवत खाली गेले. आणि मग, दिवा विझल्यावर, एकुआ उठली. पिशवीतून तिनं केंके काढलं. वाळक्या पानात गुंडाळलेला मक्याच्या आंबट पिठाचा गोळा, सकाळी एकावनंच उकडलेला, तिनं तो कधी पिशवीत घातला देव जाणे. ती बाजूच्या पायऱ्या चढायला लागली तसा काळ्या शर्टातला थिएटरचा माणूस पुढं झाला आणि त्यानं अगदी अदबीनं तिचं कोपर धरलं. "सोड मला," एकुआ म्हणाली, "पोर उपाशी आहे." हॉल हसला. ही नाटकातलीच बाई आहे असं त्यांना वाटलं. वर एकाव उभा होता, कमरेवर हात ठेवून. त्याला म्हणता आलं असतं, ती माझी बायको आहे, येऊ द्या तिला. ते त्याच्या मनात आलंही. पण जिभेला जुनं वळण. कंपनीत रीतच होती, वर येणाऱ्या बाईला टावियानं शिव्या घालायच्या. टाविया गप्प बसली तर येणारीचा अपमान. शिव्या जितक्या झणझणीत, तितकं तिचं पुण्य मोठं, आणि तितक्या जास्त बाया मागून उठायच्या. जीभ आपोआप सुटली. "ए सुकट! तुझ्या घरची चूल विझली म्हणून माझ्या घरात पुण्य करायला आलीस होय? पोर माझी आहे. उपाशी ठेवीन, नाहीतर विहिरीत ढकलीन! चालती हो, घेऊन जा तुझा तो शिळा गोळा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका ओंजळीत तोंड खुपसून हसल्या. एकुआ पायरीवर उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि एकावला, खोटं कशाला बोला, आनंदानं फुटायला झालं होतं. ती बघतेय. ओळखलं हिनं. मग कोणीच मागून उठलं नाही आणि काळ्या शर्टवाल्यानं तिला हळूच खाली नेऊन बसवलं. परतताना टॅक्सीत ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. एकाव तोंड धुऊन, पँट-शर्ट घालून तिच्या शेजारी बसला होता आणि तिनं त्याच्याकडे एकदाही मान वळवली नाही. थकली असेल, असं तो धरून चालला.

आता ताटावरच्या त्या पालथ्या पंजांकडे बघताना त्याला कळलं की ती थकली नव्हती. ओळख पटली होती खरी. पण नवऱ्याची नव्हे.

तसं पाहिलं तर त्यांची गाठही टावियामुळेच पडली होती. मायदेशी, स्वेद्रू गावात ट्रकतळाजवळच्या पत्र्याच्या आवारात खेळ होता. कंपनी म्हणजे एक खटारा ट्रक, त्यावर बसलेले गिटारवाले आणि दिवसा हमालाइतकं जेवणारे, रात्री उपाशी पोरीचं सोंग घेणारे नट. पोरकी पोर फीफी करायचा. स्त्रीपार्ट करणाऱ्यांत त्याचा गळा सगळ्यात गोड आणि भूक सगळ्यात राक्षसी. तळावर मावशीबरोबर केंके विकणारी एक सडपातळ पोरगी त्या दिवशी वर आली, तिनं फीफीच्या पुढ्यात केंके आणि तळलेला मासा ठेवला, आणि एकावनं शिवी द्यायला तोंड उघडायच्या आत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. डुकू उडाला, आतला केसांचा टोप उडाला, लोक बाकांवर उभे राहून ओरडले. सकाळी एकाव तोंड धुऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या टोपलीपुढं उभा राहिला. "दोन केंके दे." "तुला नाही." "का ग?" "आधी त्या पोरीला जेवायला घाल, मग ये." त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. तिनं खरोखरच रात्र तळमळत काढली होती, हे मावशीनं नंतर सांगितलं. मग एकाव धावत जाऊन फीफीला झोपेतून उठवून आणता झाला. दाढीचे खुंट वाढलेला, लुंगीवर ढेकर देणारा तो दांडगा रेडा बघून एकुआ हसत हसत टोपलीशेजारी खालीच बसली. हसू ओसरल्यावर तिनं एकावला केंके दिलं आणि वर मिरचीचं काळं तिखटही घातलं. पुढं लग्नानंतरही भांडण झालं की ती म्हणायची, "अरे अराबाच्या बापा, एक थोबाडीत खाऊन तुझं भागलं नाही का?" तेव्हाचं सोपं होतं. तोंड धुतलं की सोंग उतरायचं.

पहिले काही दिवस एकाव गोंधळला, आणि मग त्याला जे वाटायला लागलं त्याची त्यालाच लाज वाटली. त्याला बरं वाटायला लागलं. दोन वर्षं या घरात तो कुणीच नव्हता. सकाळी उठून तिचे दात घासून दे, अंघोळ घाल, कपडे चढव, आणि हे सगळं करताना तिच्या लेखी आपण नळ किंवा दाराची मूठ. आता तो खोलीत शिरला की ती सावरून बसायची. तिचे डोळे त्याच्या मागे-मागे फिरायचे. रागानं का होईना. एक दिवस भांडी विसळताना त्यानं सहज, अगदी सहजच, गळा वर चढवला आणि टावियाच्या त्या किनऱ्या आवाजात म्हणाला, "काय ग, काय टकामका बघतेस?" आणि मागून लगेच उत्तर आलं. "तुझी लाज बघतेय. कुठं ठेवलीस ती?" एकावच्या हातातली बशी तशीच राहिली. हा तिचा आवाज होता. ट्रकतळावरचा, गिऱ्हाइकाला फटकारणारा, त्याच्या बहिणींना गप्प करणारा. दोन वर्षांत या बाईनं असं चटचट उत्तर दिलं नव्हतं. "लाज खुंटीला टांगली," तो टाविया होऊन म्हणाला. "मग ती नेस एकदा. उघडी फिरतेस गावातून!" एकाव हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्याच्या बायकोनं त्याच्याशी भांडण केलं होतं.

मग त्याला चटकच लागली. दारुड्याला वाटतं तसं त्याला वाटायचं, आज नको, आज शहाण्यासारखं वागू, तिच्याशी आपल्या आवाजात बोलू. आपल्या आवाजात तो म्हणायचा, एकुआ, मी एकाव. तिची नजर लगेच निसटायची, पडद्यावर जाऊन बसायची. त्या पडद्याचा त्याला संताप यायचा. दुपार होईपर्यंत त्याचा धीर सुटायचा आणि तो गळा वर चढवायचा. ती टावियाला काय काय सुनवायची! तुला मूल झालं नाही म्हणून दुसरीच्या मुलावर दात आहे तुझा. तुझा नवरा गरीब गाय आहे, त्याला सांगेन मी. "कोण ग माझा नवरा?" एकावनं एकदा विचारलं. एकुआनं बराच विचार केला. "आहे एक," ती म्हणाली, "कुठं गेलाय देव जाणे. बायकोच्या धाकानं घरी येत नाही बिचारा." या एका वाक्यावर त्यानं आठवडा काढला. तिच्या मनात कुठंतरी एक गरीब, बाहेर राहिलेला नवरा होता, त्याच्याबद्दल तिला कळवळा होता. तोच आपण, असं त्यानं मानून टाकलं. कुणाच्या तरी नवऱ्याला 'बिचारा' म्हटलं एवढंच झालं होतं, पण भुकेल्याला काय.

आणि या सगळ्या काळात ती जेवत नव्हती. हे त्याला दिसत होतं, दिसत नव्हतं असं तो कोणत्या तोंडानं म्हणणार. ताटातलं ती वेगळं काढायची. उकडलेल्या याम कंदाचे तुकडे उशीच्या अभ्र्यात, अंडं मोज्यात, मासा चर्चच्या टोपीखाली. सगळं त्या पोरीसाठी. टाविया झोपली की द्यायचं म्हणून. त्यानं मन वळवून बघितलं. "ती जेवली ग, आताच जेवली." "तू सांगणार आणि मी ऐकणार!" रागावून बघितलं, तर ती आणखी घट्ट ताट झाकायची. टावियासमोर एक घास तोंडात घालणं म्हणजे त्या पोरीशी दगाबाजी, असं तिच्या मनानं घेतलं होतं. घरात कुबट वास भरला. तिच्या मनगटाची हाडं वर आली. रात्री तो तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचा आणि ठरवायचा की उद्यापासून टावियाला बोलू द्यायचं नाही. सकाळी ती त्याच्याकडे टक लावून बघायची आणि त्याचा निश्चय विरघळायचा. द्वेषाची असली तरी ती नजर होती. ती सोडवत नव्हती.

अराबा ल्यूटनहून आली ती दारातच थबकली. "पापा, हा वास कसला?" तिनं आईचा हात हातात घेतला, बाही वर सारली, आणि काही बोलली नाही. ती शाळेत शिकवते, न बोलता माणसाला उभं करायची कला तिला येते. "जेवत नाही," एकाव म्हणाला. "किती दिवस?" "नाटकापासून." "आणि तुम्ही मला आज सांगताय?" तो खाली मासे आणायला म्हणून सटकला. खरं तर तोंड लपवायला. बाजारातून तो मुद्दाम लांबच्या वाटेनं परत आला. वर येऊन बघतो तर टेबलावर ताट होतं, चाटूनपुसून स्वच्छ, आणि एकुआ बोटं चोखत बसली होती. अराबा सिंकशी पाठमोरी उभी होती. एकावला बघताच एकुआनं बोटं तोंडातून काढली आणि ताटावर पालथी घातली. रिकाम्या ताटावर. "तुम्ही गेलात आणि तिनं मागून घेतलं," अराबा वळून म्हणाली. "दोनदा वाढलं मी." मग अगदी हळू आवाजात, "पापा, ती तुम्हाला भिते." "भीत नाही. ती टावियाला..." "एकच आहे ना ते!" अराबाला रडू फुटलं. तिच्या घराजवळ एक जागा होती, म्हाताऱ्यांना सांभाळणारी. तिथं आपल्याकडच्या दोन बायका कामाला होत्या, स्वयंपाकही त्याच करायच्या. अराबानं ते आधीच बघून ठेवलं होतं, तोंडातून काढलं ते मात्र आज. "मला थोडे दिवस दे," एकाव म्हणाला. "माझ्याकडे एक उपाय आहे."

उपाय स्वेद्रूला फीफीच्या वेळी केलेलाच होता, पोरकी पोर तिच्यासमोर आणून उभी करायची. त्यानं क्रिस्टाबेलला बोलावलं. ती आली बिचारी, कामावरून परस्पर, जीन्समध्ये, हातात सफरचंदांची पिशवी. एकावनं तिला दारातच सगळं समजावलं. "पोटभर जेव. ती बघेल असं जेव. आणि सांग, मी जेवते, मला रोज मिळतं." "फांतेत सांगू? अंकल, मला नाटकातलं तेवढंच येतं हो." "मी शिकवतो." बाहेरच्या गॅलरीत उभं राहून त्यानं तिच्याकडून दोन वाक्यं घोकून घेतली. आत गेल्यावर क्रिस्टाबेल एकुआसमोर बसली आणि तिनं भाताचा डोंगर संपवला. मुलगी खाणारी होती. मासा, भात, तिखट, बोटं चाटून खाल्लं, मध्ये मध्ये हसून एकुआकडे बघत. "मी जेवते, आजी. मला रोज मिळतं." एकुआ तिला निरखत होती, गाल, हातातल्या अंगठ्या, लाल नखं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं फांतेतच तिला काहीतरी विचारलं, भरभर, घरगुती, तुझी आई कुठल्या गावची, तुला कुणी आंघोळ घालतं का, पाठीवरचे वळ दाखव बघू. क्रिस्टाबेल हसऱ्या चेहऱ्यानं एकावकडे बघायला लागली. तिला कळलं नव्हतं. "काय म्हणाल्या?" तिनं इंग्रजीत विचारलं. आणि एकुआच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. "ही कोण आहे?" ती एकावला म्हणाली. "ही ती नव्हे. हिला कुठून आणलीस? ती कुठंय?" "एकुआ, हीच ती. नाटकात..." "ती कुठंय, टाविया? मारलीस तिला? मारून टाकलीस आणि ही धष्टपुष्ट पोर माझ्यासमोर आणून बसवलीस?" ती त्याच्या अंगावर आली. हात उगारला, पण त्या हातात आता जोर नव्हता. तो त्याच्या छातीवर नुसता येऊन टेकला. एकाव त्या हाताखाली उभा राहिला. क्रिस्टाबेल रडत होती, सॉरी, सॉरी म्हणत होती. तिचं काय चुकलं होतं. ती पोटभर जेवलेली, आईबापांची लाडकी, या शहरात वाढलेली पोर होती, आणि उपाशी पोर दाखवायची तर ती आता कुणी कुठून आणायची.

त्यानंतर एकुआनं अन्न दडवणंही सोडलं. कुणासाठी दडवणार. पोर मेली होती. तिनं ताट झाकलं नाही, ढकललं नाही, टावियाला एक शब्दही सुनावला नाही. एकावनं गळा वर चढवला, खालच्या थराच्या शिव्या दिल्या, तिची नजर खेचून घ्यायला आकाशपाताळ एक केलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवणाच्या वेळी तो ताट तिच्यापुढं ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायला लागला, दार लोटून, चमच्याचा आवाज येतो का ते कान लावून ऐकत. शेजारचा तुर्की म्हातारा सिगारेट ओढायला यायचा आणि विचारायचा, "किल्ली विसरलात काय?" "हो," एकाव म्हणायचा. आतून काही आवाज यायचा नाही. ज्याला उभ्या किनाऱ्यानं शिव्याशाप दिले, ज्याच्या नावानं आयांनी पोरांना दटावलं, तो जातिवंत नट आपल्याच दाराबाहेर उभा राहून आपण नसण्याची वाट बघत होता. त्याला येबोआचा राग येईना, थिएटरच्या माणसाचा येईना. राग यावा असं कुणी उरलंच नव्हतं. त्यानं अराबाला फोन केला आणि म्हणाला, "घेऊन जा."

अराबानं गाडी फुटपाथला लावली होती. एकाव पिशवी घेऊन आधी खाली उतरला. तिचे गरम कपडे, चर्चची टोपी, घरातल्या चपला. ठरलं होतं असं की तोही बरोबर जाईल, तिची खोली लावून देईल, संध्याकाळी आगगाडीनं परत येईल. अराबानं आईला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला. गार वारा होता, एकुआच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानंच. एकाव खिडकीशी वाकला आणि तिनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "टाविया," ती म्हणाली, आवाज खोल गेलेला, "ती जिवंत आहे का? खरं सांग." उभ्या जन्मात टावियाला कधी पाझर फुटला नव्हता. लोकांनी फुटू दिला नसता, त्यांनी खुर्च्या फेकल्या असत्या. एकावनं गळा वर चढवला. तो चढता चढत नव्हता. "जिवंत आहे," तो टाविया होऊन म्हणाला. "घरात आहे. आजपासून माझ्या ताटात जेवेल. तिला हात लावणार नाही, तुझी शपथ." अराबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. एकुआ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, बाजारात माशाचे डोळे तपासावेत तसं निरखून.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. मग अराबाकडे वळून, अनोळखी बाईला विनवावं तशी, "बाई, चला हो लवकर. ही येणार असेल तर मी उतरते."

एकावनं मागच्या दारावरचा हात काढून घेतला.